एका फायलीतले तीन ‘पॉझिटिव्ह’

चिंचपाड्याच्या ख्रिश्चन हॉस्पिटलात किंवा नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात एखादी पहिलटकरीण तपासणीला गेली, तर तिच्या कागदांवर ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द तीनदा लिहिलेला असू शकतो. गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह, रक्तगट बी पॉझिटिव्ह, सिकलसेल पॉझिटिव्ह. पहिल्यातून घरात पाळणा हलणार हे कळते. दुसऱ्यातून फक्त रक्ताचा प्रकार कळतो. तिसऱ्याचा अर्थ एवढाच, की अजून एक तपासणी बाकी आहे. पण याच तिसऱ्या शब्दाने घर हादरते, सोयरीक मोडण्यापर्यंत गोष्ट जाते.

प्रयोगशाळेच्या भाषेत पॉझिटिव्ह म्हणजे ‘जे शोधत होतो ते सापडले’. त्यात चांगले-वाईट काही नाही. भाषणांत आणि पुस्तकांत भेटणारा ‘पॉझिटिव्ह राहा’मधला अर्थ निराळा. २०२० साली कोरोनात हाच शब्द गावोगाव भीतीचा झाला आणि तेव्हापासून रिपोर्टवर पॉझिटिव्ह दिसले की माणूस आजारी, अशी समजूत पक्की बसली. सिकलसेलच्या बाबतीत ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते.

गावपातळीवर बहुधा आधी होते ती सोल्युबिलिटी चाचणी. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. रक्तात सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या रेघा दिसेनाशा होतात. झाली चाचणी पॉझिटिव्ह. मात्र हे हिमोग्लोबिन आईवडिलांपैकी एकाकडून आले की दोघांकडून, हे त्या गढूळपणावरून कळत नाही. एकाकडून आले असेल तर ती व्यक्ती वाहक, कागदावर ‘एएस’. दोघांकडून आले असेल तर रुग्ण, म्हणजे ‘एसएस’. हा निवाडा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतच होतो. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, शेतात राबतो, पोरंबाळं वाढवतो, त्याला कसल्या औषधाची गरज नसते. अशा माणसाला ‘सिकलचा पेशंट’ म्हणणे चूक आहे.

उलट चूकही होते, आणि ती जिवावर बेतू शकते. एसएस असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. डोळे पिवळे दिसतात म्हणून घरचे कावीळ समजून झाडपाला देत राहतात. या मुलांना हायड्रॉक्सियुरिया, लहान वयात पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस आणि भरपूर पाणी यांचा खरोखर उपयोग होतो. फक्त आजार वेळेत ओळखला गेला पाहिजे.

‘सुनेच्या रक्तातून आले’ हे वाक्य तर कायमचे बंद व्हायला हवे. एसएस मूल जन्माला येते तेव्हा एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेले असते. ते एकट्या आईने दिले असे होऊच शकत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के. यावरून ‘चारांतले एक आजारी निघाले, आता पुढची तीन सुखरूप’ असा हिशेब काही जण लावतात. तो चुकीचा आहे, कारण दरवेळी शक्यता तेवढीच राहते. आणि हा आजार शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने, शेजारी झोपल्याने लागत नाही. तो फक्त जन्मानेच येतो.

आदिवासी समाजात हे जनुक इतके का टिकले, याचे एक उत्तर शास्त्रज्ञ अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले: वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. भारतात या जनुकाची पहिली नोंद १९५२ मध्ये, नीलगिरीच्या आदिवासींत झाली. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दर १०० माणसांत ६९ आदिवासी आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचा आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

रक्तगटातल्या पॉझिटिव्हचा आजाराशी संबंध नाही. तांबड्या पेशीवर आरएच नावाचे प्रथिन आहे की नाही, एवढेच तो शब्द दाखवतो. ‘निगेटिव्ह’ रक्त कमजोर नसते. मात्र आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत आईला अँटी-डीचे इंजेक्शन मिळायलाच हवे. ते चुकले तर पुढच्या बाळाला धोका होतो.

‘निगेटिव्ह’ वाचून निश्चिंत होणेही योग्य नाही. थुंकीत जंतू थोडे असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत आणि टीबी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. सहा महिन्यांखालच्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणीही अशीच फसवते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातले हिमोग्लोबिन असते. नुकतेच रक्त चढवले असेल तरीही सिकलसेलच्या तपासणीवर विसंबता येत नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे आणि सरकारी कार्यक्रमात तपासणी मोफत होते. तुमच्या घरातल्या कागदावर नुसतेच ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ लिहिलेले असेल, तर तिथेच थांबू नका. एएस की एसएस, हे विचारा आणि ते कागदावर लिहून घ्या. मुलामुलींची ही तपासणी सोयरीक ठरण्याच्या आधीच करून घ्या. दोघेही वाहक निघाले तरी लग्न करायला मनाई नाही. फक्त गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना गाठा, कारण बाळाची तपासणी जन्माआधीही करता येते.