डॅन्यूबकाठचे रुसे : व्यापाऱ्यांनी घडविलेले बहुभाषी नगर

बल्गेरियाच्या उत्तर सीमेवर, डॅन्यूब नदीच्या उजव्या तीरावर रुसे नावाचे नगर आहे. त्याच्या मध्यभागी एक भव्य वास्तू उभी असून तिच्या शिखरावर मर्क्युरीची पंखधारी मूर्ती आहे. मर्क्युरी म्हणजे प्राचीन रोमन लोकांची व्यापाराची देवता. वास्तूचे नाव 'दोहोद्नो झ्दानिये', म्हणजे शब्दशः 'उत्पन्नाची इमारत'. एवढ्या देखण्या इमारतीला असे हिशेबी नाव का मिळाले, हे कळले की या गावाचा स्वभावही कळतो. शहराच्या शाळा चालविणाऱ्या मंडळाने १८९८ ते १९०२ या काळात ती उभारली. आत नाट्यगृह, ग्रंथालय आणि दुकानांचे गाळे ठेवायचे आणि येणाऱ्या भाड्यातून गावातील शाळा चालवायच्या, अशी योजना होती. देरासराच्या किंवा पांजरापोळीच्या मालकीच्या गाळ्यांचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्या आपल्या वाचकांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. आराखडा मात्र पेटर ब्रांग आणि गेओर्ग लांग या व्हिएन्नाच्या वास्तुविशारदांचा होता, कारण त्या काळी रुसेची दृष्टी व्हिएन्नाकडे लागलेली असे.

या गावाचे भाग्य पहिल्यापासून नदीशी बांधलेले आहे. रोमन काळात येथे किल्ला होता. त्याच्या लॅटिन नावात साठ जहाजांचा उल्लेख येतो. पुढे ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत नगराला रुश्चुक म्हणू लागले. १८६४ मध्ये डॅन्यूब प्रांत स्थापन होऊन रुश्चुक त्याची राजधानी झाले आणि मिधात पाशा हा कर्तबगार सुभेदार तेथे आला. १८६६ मध्ये रुश्चुक ते काळ्या समुद्रावरील वार्ना हा लोहमार्ग सुरू झाला; आजच्या बल्गेरियाच्या भूमीवरील तो पहिलाच. प्रसिद्ध 'ओरिएंट एक्सप्रेस' १८८३ मध्ये सुरू झाली, तेव्हा इस्तंबूलपर्यंत सलग रूळ नव्हते. प्रवासी पैलतीरावरील जुर्जू येथे उतरत, नावेने डॅन्यूब ओलांडून रुसेला येत, तेथून गाडीने वार्नाला जात आणि पुढचा प्रवास जहाजाने करीत. माल आणि माणसे ज्या ठिकाणी एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढतात, तेथे आडतिया, दुभाषी, सराफ आणि वखारवाले आपोआप जमतात. रुसे असेच भरत गेले.

बल्गेरियन, तुर्क, ग्रीक, आर्मेनियन, रुमानियन, रोमा आणि स्पेनमधून हद्दपार झालेल्या ज्यूंचे वंशज असे सारे या बंदरात नांदले. प्रत्येकाचे प्रार्थनास्थळ होते, आणि त्या वास्तूंतून सत्तेचा इतिहासही वाचता येतो. १६३२ चे होली ट्रिनिटी चर्च अर्धे भूमिगत आहे. ऑटोमन अमलात चर्चची उंची डोळ्यांत भरणे शासनाला मानवत नसे, म्हणून भाविक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जात. १८७८ मध्ये तुर्की अंमल संपला आणि पुढील दोन-तीन दशकांत रस्त्यांचे रूपच पालटले. नक्षीदार गिलाव्याची, मुखवटे आणि पुष्पमाला कोरलेली युरोपीय धर्तीची घरे उभी राहिली. कॅथलिकांनी टोकदार कमानींचे गॉथिक धाटणीचे चर्च बांधले. बल्गेरियातील पहिली खासगी बँकही याच गावात १८८१ मध्ये निघाली. लोक रुसेला 'छोटे व्हिएन्ना' म्हणू लागले. हे बिरुद प्रवासी कंपन्या आजही मिरवतात. माझ्या मते त्यात गावाचा अर्धाच परिचय आहे, कारण व्हिएन्ना होती ती दर्शनी भिंतीवर, आतल्या पेढीवर पूर्वेकडचा बाजारच भरत होता.

त्या पेढीचे चित्र एलियास कानेत्ती या लेखकाने आपल्या आत्मचरित्रात रेखाटले आहे. त्याचा जन्म रुसे येथे १९०५ मध्ये झाला आणि १९८१ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे आजोबा एदिर्नेहून येथे आले आणि किराणा व वसाहतींतून येणाऱ्या मालाचे घाऊक व्यापारी म्हणून स्थिरावले. आपल्याला सतरा भाषा येतात, असे ते अभिमानाने सांगत. घरात लादिनो बोलली जाई. पूर्वजांनी १४९२ मध्ये स्पेन सोडताना बरोबर आणलेली ती जुनी स्पॅनिश. नोकरमुलींकडून मुलाला बल्गेरियन कळे. आई-वडील व्हिएन्नाला शिकलेले, म्हणून ते आपसांत जर्मन बोलत. मुलाला ती गुप्त भाषा वाटे, आणि पुढे त्याने आपले सारे लेखन त्याच भाषेत केले. गावात एका दिवसात सात-आठ भाषा कानी पडत, असे तो नोंदवतो. ही भाषासंपदा हौसेची नव्हती. गिऱ्हाईक ज्या भाषेत भाव विचारी त्या भाषेत उत्तर देणे, ही दुकानाची गरज होती. आणि ज्याच्याशी रोजचा हिशेब आहे त्याच्या सणावाराची माहितीही आपोआप होत असे.

ही घडी विस्कटली ती व्यापाराचे मार्ग बदलल्यामुळे, आणि मग सीमांमुळे. नव्या बल्गेरियाची राजधानी सोफिया झाली, इस्तंबूलचा थेट लोहमार्गही सोफियावरून गेला आणि प्रवाशांना रुसेची वाट धरण्याचे कारण उरले नाही. १९१३ च्या युद्धात दक्षिण दोब्रुजा हा धान्याचा सुपीक प्रदेश रुमानियाकडे गेला. ज्या मुलुखाचा माल रुसेच्या वखारींत येत असे, तो एका तहाने परदेश ठरला. माणसे तर त्याआधीच निघू लागली होती. आर्मेनियन व्यापारी घराण्यात येथेच जन्मलेला, पुढे मायकेल आर्लेन या नावाने इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजलेला मुलगा १९०१ मध्ये कुटुंबासह इंग्लंडमधील लँकाशायरला गेला. दहा वर्षांनी कानेत्ती कुटुंबही मँचेस्टरला पोहोचले. मुलगा पेढी सोडून निघाला, म्हणून आजोबांनी त्याला शाप दिला होता. दुसऱ्या महायुद्धात बल्गेरियाच्या मूळ प्रदेशातील ज्यूंची हद्दपारी रोखली गेली. तिच्या ताब्यातील मॅसेडोनिया आणि थ्रेस येथील अकरा हजारांहून अधिक ज्यूंना मात्र मृत्यूच्या छावण्यांकडे पाठविण्यात आले. वाचलेल्यांपैकी बहुतेकजण १९४८-४९ मध्ये इस्राएलला गेले आणि रुसेच्या बाजारातील लादिनोचा आवाज थांबला.

१९५४ मध्ये रुसे आणि जुर्जू यांना जोडणारा पूल झाला, पण साम्यवादी राजवटीत त्यावरून जुना बाजार परतला नाही. उलट पैलतीरावरील रासायनिक कारखान्याचा क्लोरीन वायू वाऱ्याबरोबर गावात येऊ लागला आणि अनेक कुटुंबांनी पुन्हा एकदा गाव सोडले. १९८७ मध्ये काही माता बाबागाड्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. मुलांना श्वास घेता यावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्या राजवटीत असा उघड निषेध जवळजवळ अनाकलनीय होता. पुढच्याच वर्षी या प्रश्नावर नागरिकांची समिती स्थापन झाली.

स्लाव्यान्स्का रस्त्यावर कानेत्तींच्या पेढीची इमारत अजून उभी आहे. जेथे पोती रचली जात, तेथे आता त्या लेखकाच्या नावाने स्थापन झालेली संस्था मैफली आणि प्रदर्शने भरविते. 'उत्पन्नाच्या इमारती'तही शहराचे नाट्यगृह चालू आहे, आणि मर्क्युरी आपल्या जागेवर आहे.