‘स्वयंवर’ : एका शब्दाचे दूरचित्रवाणीवरील पुनरागमन

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. या गावाशी निगडित असलेली एक विवाहकथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. अंतरपाट धरला जाईपर्यंत नाही म्हणायचे नाही, असे वचन मातेने बाल नारायणाकडून घेतले. त्याने ते अक्षरशः पाळले, आणि मंगलाष्टकांच्या अखेरीस ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मंडपातून निघून गेला, असे चरित्रपरंपरा सांगते. या कथेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, भाषेच्या अभ्यासकाला तीत दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक अशी की, विवाहाच्या प्रसंगी उच्चारलेला शब्द हा केवळ वर्णन करीत नाही. तो काहीतरी घडवून आणतो, अथवा मोडून टाकतो. दुसरी अशी की, येथे नकार देणारा पुरुष आहे. अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीविषयी परंपरा फारसे बोलत नाही. तिला या वाक्यात कर्तृपद मिळालेले नाही.

कर्तृपदाचा हा प्रश्न एका अगदीच वेगळ्या ठिकाणी, म्हणजे २००९ साली एका हिंदी दूरचित्रवाणी वाहिनीवर झालेल्या वरनिवडीच्या स्पर्धेत, पुन्हा उभा राहिला. एनडीटीव्ही इमॅजिन या वाहिनीवरील ‘राखी का स्वयंवर’ हा तो कार्यक्रम होय. २९ जून ते २ ऑगस्ट २००९ या काळात तो चालला. मुंबईत वाढलेली नृत्यांगना व अभिनेत्री राखी सावंत हिच्यापुढे सोळा इच्छुक वर उभे करण्यात आले, एकेकास बाद करीत ती संख्या घटविण्यात आली, आणि अखेरीस एकाच्या गळ्यात वरमाला पडली. अशा स्पर्धांचा मूळ साचा अमेरिकन आहे. तेथे १९६५ साली ‘द डेटिंग गेम’ सुरू झाला. २००२ साली एका पुरुषाने अनेक स्त्रियांतून एकीची निवड करावी असा ‘द बॅचलर’, आणि लगेच २००३ साली त्याची उलट बाजू असलेला ‘द बॅचलरेट’ आला. आपल्याकडेही एमटीव्हीने २००८ पासून ‘स्प्लिट्सव्हिला’ चालविला. परंतु त्या कार्यक्रमाने आपले नावसुद्धा परकेच ठेवले आणि विवाहाशी फारसा संबंधही सांगितला नाही. ‘राखी का स्वयंवर’चे वैशिष्ट्य असे की, त्याने आयात केलेल्या साच्याला एक प्राचीन संस्कृत नाव दिले, आणि त्या नावामुळे घराघरांतील वडीलधारी माणसेही पडद्यासमोर बसू शकली. नामकरणाची ही युक्ती व्यापारी खरी, पण भाषिकदृष्ट्या ती फारच अर्थपूर्ण आहे.

‘स्वयंवर’ या शब्दात ‘वृ’ म्हणजे निवडणे हा धातू आहे. त्यापासून झालेल्या ‘वर’ शब्दाचे अर्थ निवड, निवडलेला पुरुष आणि मागून घेतलेले दान असे तिन्ही होतात. आपला ‘नवरा’ हाही ‘नववर’ या रूपापासून आलेला असल्यामुळे, व्युत्पत्तीच्या न्यायाने तो निवडला गेलेला आहे, निवडणारा नव्हे. रोजच्या व्यवहारात याची आठवण कोणाला राहिलेली नाही, ही गोष्ट निराळी. संस्कृतात ‘स्वयंवरा’ असे स्त्रीलिंगी विशेषणही आहे : स्वतः निवड करणारी ती. म्हणजे या शब्दाची मूळ रचनाच स्त्रीला कर्त्याच्या जागी बसविते.

प्रत्यक्ष ग्रंथांत मात्र ही जागा तितकी निर्वेध नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात कन्येने आपण होऊन वर निवडण्यास अनुमती आहे; पण ती ऋतुप्राप्तीनंतर तीन वर्षे वाट पाहूनही पित्याने तिचा विवाह केला नाही तर. शिवाय अशा मुलीने माहेरचे अलंकार बरोबर नेऊ नयेत असेही तेथेच म्हटले आहे. थोडक्यात, तेथे स्वयंवर हा अधिकारापेक्षा पित्याच्या कर्तव्यच्युतीवरील उपाय आहे. सीता व द्रौपदी यांच्या स्वयंवरांत धनुष्य आणि लक्ष्य यांचा पण होता; निवड बव्हंशी त्या पणाने केली. काशीच्या अंबेने मनोमन शाल्वाला वरले होते, तरी भीष्माने तिला भर स्वयंवरातून उचलून नेले. खऱ्या निवडीचे उदाहरण शोधू गेल्यास दमयंतीकडेच वळावे लागते : नलाचेच रूप घेऊन बसलेल्या देवांतून तिने माणूस ओळखला, तो त्याच्या पापण्या लवतात, त्याला घाम येतो, त्याची सावली पडते आणि त्याची माळ कोमेजते, या मर्त्यपणाच्या खुणांवरून.

मराठीने या शब्दाला दिलेले वळण याहून वेगळे आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले; १५७१ साली पैठणच्या एकनाथांनी वाराणसीत त्याच नावाचा ग्रंथ पूर्ण केला; १९१६ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकात बालगंधर्व रुक्मिणी म्हणून रंगभूमीवर आले. आता रुक्मिणीच्या कथेत रूढ अर्थाचे स्वयंवर होतच नाही! भाऊ रुक्मी तिला शिशुपालास देऊ करतो, ती एका ब्राह्मणाहाती कृष्णाला पत्र पाठविते, आणि कृष्ण येऊन तिला घेऊन जातो. धर्मशास्त्राच्या परिभाषेत हा राक्षसविवाह ठरेल आणि कथेचे नाव ‘रुक्मिणीहरण’ असेच हवे. ते तसे रूढही आहे. तरीदेखील मराठी परंपरेने ‘स्वयंवर’ हेच नाव शिरोधार्य मानले. याचा अर्थ इतकाच की, मराठी मनाला या शब्दातील राजसभा, रांगेने बसलेले राजे, वाद्यघोष हे सारे गौण वाटले. पत्र लिहिणाऱ्या मुलीचा निश्चय तेवढा मुख्य वाटला. विवाह जुळावा म्हणून कुमारिकांनी एकनाथांच्या या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा गोदाकाठच्या गावांतून परिचित आहे. घरच्यांची संमती डावलून प्रियकराला पत्र धाडणाऱ्या मुलीची कथा, घरच्यांनीच स्थळ आणावे म्हणून वाचली जाते, हा विरोधाभास गमतीचा खरा. पण तो कोणाला खुपत नाही.

या पार्श्वभूमीवर २००९ च्या कार्यक्रमाकडे पाहिले असता असे दिसते की, मराठीने जे गौण मानले तेच त्याने उचलले. सभा आली, आसने आली, वाद्ये आली, वरमाला आली. निश्चयाचे काय झाले? अंतिम भागात माळ पडली; पण तिच्यामागोमाग विवाह झाला नाही. राखी सावंत हिने वाङ्निश्चयच तेवढा जाहीर केला, पुढे एकमेकांना जाणून घेण्यास अवधी हवा असे सांगितले, आणि काही महिन्यांतच ते नातेही संपले. ब्रिटिश तत्त्वज्ञ ऑस्टिन यांनी, १९६२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत, काही उच्चार हे विधान नसून कृतीच असतात हे दाखविले, आणि विवाहविधीतील होकार हे त्याचे ठळक उदाहरण म्हणून दिले. अशी कृती सफल होण्यास प्रसंग, अधिकार व हेतू यांची पूर्तता व्हावी लागते. प्राचीन स्वयंवरात माळ हीच कृती होती. ती पडल्यावर उरलेला विचार करण्यास जागा नव्हती. पडद्यावरील माळ मात्र कृतीचे चित्र होती. प्रेक्षकांनी फसवणूक झाली म्हणून चरफडावे हे स्वाभाविक होते. तथापि निश्चय पुढे ढकलण्याचा अधिकार वधूने उघडपणे वापरला, ही गोष्ट निव्वळ फजिती म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

वस्तुतः त्या पाच आठवड्यांतील खरी नवलाई निवडीत नव्हती. ती नकारात होती. सोळांतून एक निवडावयाचा तर पंधरांना नाही म्हणावे लागते, आणि ते एका स्त्रीने, सर्वांसमक्ष, पुरुषाच्या तोंडावर म्हणावयाचे होते. कालिदासाच्या इंदुमतीने स्वयंवरसभेत राजे नाकारले ते पावलांनी : ती पुढे सरकत गेली. येथे नकार शब्दांत द्यावा लागला. जालना जिल्ह्यातील, किंबहुना एकंदर मराठवाड्यातील, सोयरीक जमविण्याच्या भाषेशी ताडून पाहिले म्हणजे याचे महत्त्व कळते. पाहुणे ‘मुलगी पाहायला’ येतात, मुलगी ‘दाखवितात’, ती ‘पसंत पडते’, मग बोलणी होऊन ‘कुंकू लावतात’, सुपारी फुटते, बाप मुलीला ‘उजवितो’, अमक्या गावी ‘देतो’, सासरचे तिला ‘सून करून घेतात’. यांपैकी एकाही क्रियापदाची कर्ती ती नाही. ‘पसंत पडते’ या एकाच ठिकाणी ती व्याकरणाने कर्त्रीसारखी दिसते, पण पसंती तेथे दुसऱ्याची असते. मुलाविषयी ‘त्याने लग्न केले’ असे सहज म्हणतात. मुलीविषयी ‘तिचे लग्न झाले’ असे म्हणतात, आणि ‘तिने लग्न केले’ असे कोणी म्हणालेच तर ऐकणारा कान टवकारतो, कारण त्या वाक्याला घरच्यांच्या विरोधाचा वास येतो.

नकाराचीही अशीच एक शिष्टसंमत भाषा आहे. पाहुणे निघताना ‘कळवतो’ म्हणतात. या शब्दाचा कोशगत अर्थ वार्ता देऊ असा. व्यवहारातील अर्थ, वार्ता न आल्यास समजून घ्यावे असा. फारच खोदून विचारले तर पत्रिका जुळत नाही असे उत्तर मिळते. ग्रहांवर भार टाकल्याने दोन्ही घरांची अब्रू राहते. या पद्धतीत शहाणपण नाही असे नव्हे : ज्यांना पुढेही एकाच पंचक्रोशीत, एकाच बाजारात भेटावयाचे आहे, त्यांना असा आडपडदा लागतोच. परंतु त्या आडपडद्यामागे नकार नेमका कोणाचा, मुलीचा की तिच्या चुलत्याचा, हे कधीच उमगत नाही.

या कार्यक्रमाचे पुढील दोन हंगाम पाहता, स्त्रीला मिळालेले कर्तृपद किती अल्पजीवी होते हे केवळ शीर्षकांवरून वाचता येते. पहिले शीर्षक ‘राखी का स्वयंवर’ : षष्ठी विभक्ती, स्त्रीचे नाव, आणि जिच्या पोटात तिचीच निवड आहे अशी संज्ञा. २०१० साली बालपण अंबाजोगाईत घालविलेल्या प्रमोद महाजन यांचे पुत्र राहुल महाजन हे निवडणारे झाले, आणि शीर्षक झाले ‘राहुल दुल्हनिया ले जाएगा’. येथे पुरुष कर्ता, वधू कर्म, आणि क्रियापद घेऊन जाण्याचे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, विवाह पडद्यावर प्रत्यक्ष झाला तो याच हंगामात. तो २०१५ साली घटस्फोटाने संपला. २०११ साली पुन्हा एक अभिनेत्री, रतन राजपूत, केंद्रस्थानी आली. पण शीर्षकातील शब्द आता ‘रिश्ता’ हा होता. ‘रतन का रिश्ता’ ही व्याकरणाने पहिल्या शीर्षकाचीच प्रतिकृती; अर्थाने मात्र ती घरच्यांनी जुळवावयाच्या संबंधाकडे परतते. २०१२ साली ती वाहिनीच बंद पडली. दहा वर्षांनी स्टार भारत वाहिनीने ‘स्वयंवर’ हे नाव पुन्हा वापरले, ते गायक मिका सिंग यांनी वधू निवडावी यासाठी. शब्दाची व्युत्पत्ती तेथे पुरती उलटी झाली.

जालन्यात हा प्रश्न शीर्षकांपुरता राहत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार या जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाले होते. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. ज्या वयात हो किंवा नाही म्हणण्यास कायद्यानेही मुभा नाही, त्या वयात ‘स्वयं’ या पदाला कोणता अर्थ उरतो? दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण हजार मुलांमागे ८०७ इतके खाली आले होते. मुली कमी झाल्या म्हणजे निवड आपोआप त्यांच्या हाती जाईल, असा तर्क कधीकधी ऐकू येतो. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेषात, घोड्यांवर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चाने गेले, तेव्हा नकार मिळणारा पक्ष बदलला आहे हे सर्वांनी पाहिले.

मात्र या टंचाईविषयी गावोगाव जे वाक्य ऐकू येते ते असे : ‘शेतकऱ्याच्या पोराला कोणी मुलगी देत नाही.’ नाकारला जाणारा आता मुलगा आहे. तरी नाकारणारी मुलगी वाक्यात आलेली नाही. कर्ता ‘कोणी’ आहे, आणि मुलगी पूर्वीप्रमाणेच ‘देणे’ या क्रियापदाचे कर्म आहे. मुलगा ‘देणे’ हा प्रयोग मराठीत आहे, पण तो दत्तकाच्या संदर्भात.