दफ्तर कोणाला वाचता येते?

बीडच्या जिल्हा न्यायालयात, किंवा अंबाजोगाई, माजलगाव, केज येथील न्यायालयांत, जे कज्जे रोज पुकारले जातात त्यांच्या कागदांत या जिल्ह्यातील माणसाच्या आयुष्याचे कितीतरी असे कोपरे उघडे पडलेले असतात की जे त्याने शेजाऱ्यालाही दाखवले नसते: भावाभावांतील वाटणीचा दावा, टाकलेल्या बायकोने मागितलेली पोटगी, सावकाराच्या खतावरून झालेली फिर्याद, आणि ज्या मुलीची ओळख छापून प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 प्रमाणे स्वतंत्र गुन्हा आहे, तिचा जबाब. पूर्वी हे सारे रुमालात बांधून दफ्तरखान्यात ठेवले जाई आणि त्याची राखण एका किल्लीवर आणि एका कारकुनाच्या इमानावर अवलंबून असे. आज त्यातील पुष्कळसा मजकूर संगणकात असतो. म्हणून त्या संगणकावर अंतिम हुकमत कोणाची, हा प्रश्न यंत्रतज्ज्ञांपुरता न राहता प्रत्येक पक्षकाराचा झाला आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या न्यायव्यवस्थेने, फारसा गाजावाजा न करता, देऊन ठेवले आहे. 2004 साली स्थापन झालेल्या आणि 2007 पासून ई-कोर्ट प्रकल्पाची धुरा वाहणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ई-कमिटीने देशभरातील जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी लिनक्सवर आधारलेली उबंटू ही मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम पत्करली, न्यायाधीशांना दिलेल्या लॅपटॉपवर तीच घातली, तिचे रीतसर शिक्षण त्यांना दिले. आणि खटल्यांची नोंद ठेवणारे सी.आय.एस. हे सॉफ्टवेअरही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयाने मुक्तस्रोत साधनांवरच रचले. या निर्णयात परवाना शुल्काच्या बचतीचा विचार होताच. परंतु माझ्या मते त्याचे अधिक मोलाचे फळ पैशांत मोजता येणारे नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये उभा असलेला तो मूळ कार्यक्रम, की ज्याच्या हातून गेल्याशिवाय दाबलेले एकही अक्षर पडद्यावर उमटत नाही, एकही कागद उघडत नाही, एकही छायाचित्र साठवले जात नाही आणि एकही संदेश बाहेर पडत नाही. तो कार्यक्रम माणसे लिहितात, आणि ती माणसाला वाचता येईल अशा आज्ञावलीतच तो लिहितात. मागाहून त्याचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर होते. मालकीच्या प्रणालीत ग्राहकाच्या हाती फक्त हे रूपांतर पडते आणि मूळ आज्ञावली कंपनीच्या तिजोरीत राहते. मुक्तस्रोत प्रणालीत मूळ आज्ञावलीच सर्वांसमोर मांडलेली असते. ती कोणीही वाचावी, बदलावी, पुन्हा घडवावी आणि इतरांना द्यावी, अशी परवान्यानेच मुभा असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आणि हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने 1991 साली लिहिलेल्या लिनक्समधून ही परंपरा उभी राहिली.

मराठवाड्यातील वाचकाला या भेदाचे मर्म समजावून देण्यास दूरचा दाखला नको. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. गावच्या जुन्या नोंदी मोडीत आणि वरच्या कचेरीचा कारभार उर्दूत, अशी स्थिती असल्यामुळे आपल्याच जमिनीविषयी, आपल्याच कुळाविषयी सरकारदरबारी काय लिहिले आहे हे पुष्कळशा रयतेला स्वतः वाचता येत नव्हते, आणि जो वाचून दाखवील त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हते. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या देखरेखीखाली हीच दफ्तरे पुन्हा उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारा जाणकार मिळवणे हेच कामाचे पहिले अंग ठरले. मात्र निजामाच्या काळीही प्रत्येक कुणब्याला उर्दू यावे अशी गरज नव्हती. कचेरीचा नोकर नसलेला, तिच्या मर्जीवर न जगणारा एखादा वाचक त्याच्या बाजूने उभा राहू शकला, तरी तेवढ्याने पुष्कळ साधत होते. आज्ञावलीचेही तसेच आहे. केजच्या शेतकऱ्याने ती वाचावी असे कोणी म्हणत नाही. पण त्याच्या वतीने, कंपनीची परवानगी न मागता, ती वाचू शकणारा कोणीतरी जगात असू शकतो की नाही, एवढ्यावर त्याच्या खासगीपणाचा पाया पक्का किंवा कच्चा ठरतो.

मालकीच्या प्रणालीत असा वाचक असू शकत नाही, म्हणून तेथे वचनावर विसंबावे लागते. 29 जुलै 2015 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 बाजारात आणली. संगणकाचा वापर कसा होतो याची माहिती ती आपोआप कंपनीकडे पाठवीत असे. आणि ऑक्टोबर 2017 मध्ये नेदरलँड्सच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने असा निष्कर्ष काढला की कोणती माहिती घेतली जाते आणि कशासाठी, हे कंपनी वापरणाऱ्याला स्पष्ट सांगत नाही, म्हणून त्याने दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. पुढे कंपनीने ती माहिती पाहण्याची सोय करून दिली, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु घरगुती आवृत्तीत ती पाठवणे पूर्णपणे बंद करण्याचा अधिकार आजही ग्राहकाला नाही. मे 2024 मध्ये याच कंपनीने रिकॉल नावाची सोय जाहीर केली, जी पडद्यावरील दृश्याचे चित्र काही क्षणांच्या अंतराने टिपून संगणकातच साठवणार होती. तज्ज्ञांनी आक्षेप घेताच ती लांबणीवर पडली आणि पुढे ग्राहकाने स्वतः चालू केली तरच चालेल अशा रूपात आली. कंपनी वाईट हेतूने वागते असा माझा आरोप नाही. माझे म्हणणे इतकेच की दुसऱ्याच्या घरात काय ठेवायचे हे तिसऱ्याने ठरवावे आणि घरमालकाला ते तपासताही येऊ नये, ही व्यवस्थाच मुळात अन्यायाची आहे.

मग मुक्तस्रोत प्रणाली निर्दोष आहेत काय? मुळीच नाहीत, आणि येथेच विषयाचा गाभा आहे. ज्या उबंटूवर आपली न्यायालये चालतात तिच्याच ऑक्टोबर 2012 च्या आवृत्तीत, आपल्या संगणकात एखादी फाइल शोधण्यासाठी टाकलेले शब्द कॅनॉनिकल या कंपनीकडे जाऊ लागले, आणि त्या बदल्यात अ‍ॅमेझॉनवरील वस्तू पडद्यावर दिसू लागल्या. स्टॉलमन यांनी या सोयीला हेरगिरी म्हटले, अमेरिकेतील नागरी हक्कांच्या एका संस्थेने निषेध नोंदवला. पण वादात काय चालले आहे याविषयी अटकळ बांधण्याची गरज कोणालाच पडली नाही, कारण आज्ञावली समोर होती. ज्याला ती सोय नको त्याने ती त्याच दिवशी काढून टाकली, तिच्याविना बनवलेल्या भगिनी-प्रणाली उपलब्ध होत्याच, आणि एप्रिल 2016 च्या आवृत्तीत कंपनीने ती मूळ स्थितीत बंद ठेवली. लोभ दोन्हीकडे शिरू शकतो. एका ठिकाणी तो उजेडात शिरतो आणि प्रजेच्या हाती त्याला बाहेर काढण्याचा उपाय राहतो.

याहून गंभीर प्रसंग 29 मार्च 2024 रोजी उघडकीस आला. लिनक्सच्या असंख्य आवृत्त्यांत वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या एका लहानशा घटकात, प्रदीर्घ काळ विश्वास संपादन केलेल्या कोणा छुप्या व्यक्तीने चोरदरवाजा बसवला होता, ज्यातून जगभरातील यंत्रांत परस्पर शिरता आले असते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, आपल्या यंत्रात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद उशीर का होतो, हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न स्वस्थ बसू देईना. तो मागोवा घेत गेला आणि तो दरवाजा जगजाहीर होऊन बहुतेक ठिकाणी पोहोचण्यापूर्वीच बंद झाला. हा अभियंता नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच होता. ज्याच्यापाशी चिकाटी आहे त्याला मुळापर्यंत जाण्यास कुलूप आडवे आले नाही, यातच त्या दिवशी जगाचे रक्षण झाले. वाचणाऱ्याची उणीव असेल तर उघडी आज्ञावलीही वर्षानुवर्षे दोष लपवू शकते, हा धडाही याच प्रसंगाचा आहे.

आता बीड जिल्ह्यात खरोखर ज्या यंत्राशी माणसाचा संबंध येतो त्याकडे वळतो. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर ऊसतोडीला जातात, तेव्हा त्यांच्या कोयत्याबरोबर असतो तो मोबाइल फोन. त्याच फोनवर लाडकी बहीण योजनेचा अर्ज भरला गेला, त्याच फोनवर ई-पीक पाहणीत शेताचे चित्र आणि स्थान नोंदले गेले. तो बहुधा अँड्रॉइडचा असतो, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा व मुक्तस्रोत असला तरी त्यावर गुगलच्या आणि फोन बनवणाऱ्या कंपनीच्या बंद सेवांचा थर चढवलेला असतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक डग्लस लीथ यांनी 2021 साली केलेल्या मोजणीत, वापरात नसलेला फोनदेखील सरासरी दर 4.5 मिनिटांनी आपल्या कंपनीशी संपर्क साधतो असे आढळले, मग तो अ‍ॅपलचा असो वा गुगलचा. त्याच वर्षी एडिनबर्गच्या संशोधकांसह त्यांनी सॅमसंग, शाओमी, हुआवे, रिअलमी या कंपन्यांची आणि काही स्वतंत्र रचनांची अँड्रॉइड तपासली. त्यात गुगलच्या सेवा पूर्णपणे वगळून बांधलेली ‘ई-ओएस’ ही एकच रचना जवळजवळ काहीच बाहेर पाठवीत नव्हती. गाभा उघडा आणि वरचा थर बंद, अशा अर्ध्या मोकळेपणाने रयतेचे रक्षण होत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे.

ज्यांच्या शरीराच्या अतिशय खासगी गोष्टी 2019 साली, ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजून नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली तेव्हा, सर्वेक्षणाच्या कागदावर उतरल्या, त्या याच जिल्ह्यातील बायका होत्या. अशा नोंदी पुढे कुठल्या यंत्रात जातात, ते यंत्र कोणाला काय सांगते, हे विचारण्याचा हक्क त्यांना आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो त्यांच्यासाठीही ठरवला. प्रणाली कोणतीही असली तरी सेवा केंद्रात आधार कार्डाच्या नकला उघड्यावर पडून राहिल्या, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहिल्या, तर त्यावर तिच्यापाशी इलाज नाही. तो शिस्तीचा प्रश्न आहे, आणि 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने त्या शिस्तीची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

केंद्र सरकारने 2015 साली शासकीय कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने 2007 साली काढलेली बॉस ही प्रणाली मराठीत वापरता येते, केरळच्या शाळांतील मुले अनेक वर्षे मुक्तस्रोत प्रणालीवरच संगणक शिकत आली आहेत, मुंबईच्या आय.आय.टी.चे लिनक्सचे ध्वनिचित्र पाठ मराठीतही विनामूल्य मिळतात. म्हणजे धोरण आहे, साधन आहे, शिक्षणही आहे. आणि संधीही नेमकी आताच चालून आली आहे: 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची सुरक्षा-दुरुस्ती सर्वसाधारणपणे थांबली, आणि जुन्या संगणकांपैकी पुष्कळांवर नवी विंडोज 11 चढतच नाही. जिल्ह्यातील शाळांत, ग्रामपंचायतींत, सहकारी संस्थांत असे चांगले चालणारे संगणक एक तर भंगारात जातील किंवा दुरुस्तीविना धोका पत्करून चालवले जातील. जिल्हा परिषदेच्या सदस्यांना, मुख्याध्यापकांना आणि संस्थांच्या संचालकांना माझी विनंती आहे की नव्या खरेदीच्या ठरावावर सही करण्यापूर्वी त्यांनी बीडच्या न्यायालयातील संगणक कशावर चालतात ते एकदा जाऊन पाहावे, आणि रयतेचा कागद ज्या यंत्रात ठेवायचा ते तपासता येण्यासारखे असलेच पाहिजे, अशी अट त्या ठरावात घालावी.