सांगाडा बांधणाऱ्या चार पेशी

आजचा एपिसोड आहे सी अर्चिनवर. साळिंदरासारखे काटे असलेला, समुद्राच्या तळाशी राहणारा गोल प्राणी. त्याचा चपटा चुलतभाऊ म्हणजे सँड डॉलर. पण मला बोलायचंय त्यांच्या पिल्लांबद्दल, म्हणजे लार्व्हांबद्दल.

ही पिल्लं आईबापांसारखी अजिबात दिसत नाहीत. काचेसारखी पारदर्शक, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसणारी. लांब हात पसरून पाण्यात तरंगतात आणि हातांवरच्या बारीक केसांनी अन्न पकडतात. हात ताठ राहतात ते आतल्या सांगाड्यामुळे. म्हणजे सांगाडा नाही तर हात नाहीत, आणि हात नाहीत तर जेवणाचे वांधे!

मग हा सांगाडा बांधतं कोण? अंड्याचं विभाजन होत होत १६ पेशी झाल्या, की एका टोकाच्या ४ पेशी बाकीच्यांपेक्षा खूप लहान असतात. त्या पुन्हा विभागल्या की प्रत्येकीतून एक मोठी आणि एक छोटी पेशी निघते. यातल्या मोठ्या चौघी म्हणजे आपले गवंडी. त्यांची प्रजा वाढते, आतल्या पोकळीत उतरते, एकमेकींशी जोडली जाते आणि दोन बाजूंना दोन घोळके करून बसते. प्रत्येक घोळक्यात आधी एक छोटासा कण तयार होतो, त्याला तीन फाटे फुटतात आणि तिथून सळया वाढत जातात. माल कुठला? कॅल्शियम कार्बोनेट. खडू आणि शिंपले ज्याचे असतात तेच.

आता गंमत ऐका. १९७५ मध्ये जपानच्या कायो ओकाझाकी यांनी या लहान पेशी वेगळ्या काढून काचेच्या बशीत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. तिथंही त्यांनी सळया बांधल्या! म्हणजे कसं बांधायचं हे त्यांना ठाऊक असतं. पण कुठं बांधायचं? ते बाहेरच्या त्वचेच्या पेशी सांगतात. त्यातला एक निरोप आहे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन. आपल्या शरीरात हेच प्रथिन नव्या रक्तवाहिन्या वाढवतं. हा निरोप अडवला तर पिल्लाचा सांगाडा धड बनतच नाही.

आणि इथंच काळजीची गोष्ट येते. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळतोय, त्यामुळे पाण्याचा आम्लपणा वाढतोय. सळया बांधताना पेशीत आम्ल तयार होतं, ते सतत बाहेर फेकावं लागतं. बाहेरचं पाणीच आम्लाकडे झुकलं, की या कामाला जास्त ताकद लागते. प्रयोगशाळेत अशा पाण्यात वाढवलेली पिल्लं बऱ्याचदा लहान राहतात, हात आखूड होतात. आखूड हात म्हणजे कमी घास. वाढ रेंगाळते, आणि जितके दिवस जास्त तरंगायचं तितकी कुणाच्या तरी तोंडात जायची भीती जास्त.

म्हणून समुद्र बदलतोय असं ऐकलंत की फक्त मोठे मासे आणि प्रवाळ आठवू नका. ४ पेशींच्या या गवंडीकामाचीही आठवण ठेवा. भेटू पुढच्या भागात!