अर्जाची लिंक उघडण्याआधी ट्रंक उघडा

घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, दुकानात गिऱ्हाइकाशी हिंदी. चिकपेट, नगरथपेट, कॉटनपेट भागातल्या मराठी घरांचा दिवस असाच जातो. अशा घरातल्या मुलीच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर महापालिकेतल्या, ग्रामपंचायतीतल्या किंवा महसूल खात्यातल्या भरतीची लिंक येते, तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, "भरून टाक की, दहा मिनिटांचं काम आहे."

टाइप करायला दहा मिनिटंच लागतात, हे खरं. पण अर्जात विचारलेल्या गोष्टींची उत्तरं दोन राज्यांत विखुरलेली असतात. आजोबांचा दाखला सांगली जिल्ह्यातल्या तहसील कार्यालयातला, तुमचं दहावीचं मार्क्स कार्ड बेंगळुरूचं. आधारवर एक नाव, मार्क्स कार्डवर दुसरंच.

आणि गंमत अशी, की अर्ज भरताना हे सगळं खपून जातं. तुम्ही जे टाइप कराल ते कॉम्प्युटर बहुतेक वेळा मुकाट्याने घेतो. कागद तपासले जातात ते परीक्षा पास झाल्यावर, कागदपत्र पडताळणीच्या दिवशी. म्हणजे दोन वर्षं अभ्यास करायचा, निवड यादीत नाव आणायचं आणि मग एका रकान्यापायी घरी परत यायचं! हे टाळता येतं. त्यासाठी अर्ज भरायची सुरुवात लिंक यायच्या आधी करायला हवी.

पहिला प्रश्न: तुम्ही कुठले?

चिकपेटातल्या मराठी माणसाला हा प्रश्न सोपा नाही. काही घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं, तेव्हापासून मराठी माणसांचा इथे राबता आहे. काही कुटुंबं मात्र अलीकडची. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेले, तसे बेंगळुरूच्या पेठांतही आले. त्यांचं घर इथे, पण जत्रा, लग्नं आणि शेती गावाकडे.

मनाने दोन्हीकडचं असायला काहीच हरकत नाही. अर्जात मात्र एकच बाजू धरावी लागते.

महाराष्ट्रातल्या तलाठी किंवा जिल्हा परिषदेच्या भरतीसाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो. त्यासाठी राज्यात १५ वर्षं वास्तव्य असल्याचं दाखवावं लागतं. महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना यात वेगळी सोय आहे. बेंगळुरू त्या यादीत येत नाही. म्हणजे जन्म, शाळा, कॉलेज सगळं बेंगळुरूत झालं असेल, तर गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे एवढ्यावर भागत नाही.

शिवाय तिकडची स्पर्धाही लहान नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात तलाठ्यांची ४,६४४ पदं निघाली, तेव्हा दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. "इथे नाही तर तिथे" असा विचार करून दोन्हीकडे अर्धवट कागद जमवण्यापेक्षा, आपण नियमाने कुठे बसतो ते आधी पाहा आणि तिथले कागद पक्के करा.

नावात खूप काही आहे

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत. कर्नाटकात बऱ्याच शाळांमध्ये नाव आणि पुढे-मागे एखादं इनिशियल. समजा, घरात नाव आहे 'स्नेहा राजेंद्र पवार'. शाळेच्या रजिस्टरात ते 'स्नेहा आर' होतं. आधारवर 'स्नेहा राजेंद्र पवार'. पॅनवर 'स्नेहा पवार'. वडिलांच्या दाखल्यावर पवारमध्ये 'डब्ल्यू', मुलीच्या कागदांवर 'व्ही'. माणूस एकच, पण कागदांवर चार.

अर्जात नाव भरायचा साधा नियम म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर जसं आहे तसंच. कर्नाटकात ते एसएसएलसीचं मार्क्स कार्ड. जन्मतारीखही तीच. तिथे 'स्नेहा आर' असेल तर अर्जातही 'स्नेहा आर'. आडनाव नाही म्हणून वाईट वाटलं तरी आपल्या मनाने जोडू नका.

मग बाकीचे कागद त्या नावाकडे वळवा. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्या. मार्क्स कार्डावरच स्पेलिंग चुकलं असेल, तर शाळेमार्फत परीक्षा मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून तो आजच करा. किरकोळ फरक असेल, तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' असं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. ते कुठे चालेल आणि कुठे नाही, हे जाहिरातीत पाहायचं.

लग्न झालेल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी जरा जास्त. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, काही घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. अर्जात दहावीचं नाव भरा आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. नोंदणी राहिली असेल तर आधी ती करा. लग्नाची पत्रिका आणि अल्बम पडताळणीच्या टेबलावर उपयोगाचे नाहीत.

एकाच आजोबांची दोन नातवंडं

आरक्षणाच्या रकान्यात तर भल्याभल्यांची फसगत होते. कर्नाटकात मराठा समाज ३बी प्रवर्गात येतो. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्यानुसार तो एसईबीसीमध्ये येतो. एकाच आजोबांची दोन नातवंडं, एक विट्यात आणि एक चिकपेटात, तर दोघांच्या अर्जातला प्रवर्ग वेगळा. इतर समाजांचंही तसंच आहे. यादी प्रत्येक राज्याची स्वतःची.

गावाकडून काढलेला जातीचा दाखला दाखवून कर्नाटकाच्या नोकरीत आरक्षण मिळत नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर मूळ राज्यातलं आरक्षण सोबत येत नाही. तुमच्या कुटुंबाला कर्नाटकाचा दाखला मिळू शकतो का, ते इथलं तहसीलदार कार्यालय तुमचे जुने कागद पाहून ठरवतं. त्यासाठी नाडकचेरीत, ऑनलाइन किंवा बेंगळुरू वन केंद्रातून अर्ज करता येतो. दाखला मिळाला की त्यावर 'आरडी'ने सुरू होणारा एक नंबर असतो. तो नीट जपा. ऑनलाइन अर्जात बरेचदा तोच विचारतात आणि त्यावरून दाखला खरा आहे का ते तपासतात.

दाखल्याचा नमुनाही पाहून घ्या. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे केपीएससीच्या, जाहिरातींत एससी-एसटीसाठी फॉर्म डी, प्रवर्ग १ साठी फॉर्म ई आणि २ए, २बी, ३ए, ३बी साठी फॉर्म एफ असे नमुने असतात. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी काढलेला ओबीसी दाखला इथे चालेल असं गृहीत धरू नका. तारखेकडेही लक्ष हवं. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दाखला हातात हवा आणि त्याची मुदत संपलेली नको.

दाखला मिळत नसेल तर? तर जनरल मेरिटमधून अर्ज करा. स्पर्धा जास्त आहे, पण पाया पक्का आहे. 'बघू पुढचं पुढे' म्हणून प्रवर्गावर टिक केली आणि पडताळणीत कागद निघाला नाही, तर तो दावा बाद होतो. वयाची सवलत त्याच दाव्यावर घेतली असेल, तर उमेदवारीच धोक्यात येते.

कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी कर्नाटकात ५ टक्के जागा राखीव असतात. तुम्ही पेठेतल्या कन्नड शाळेत शिकला असाल, तर हा हक्क विसरू नका. शाळेतून ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र घ्या. जुन्या पेठांतली एखादी शाळा बंद झाली असेल, तर तिचं रेकॉर्ड कुठे गेलं याची चौकशी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येते.

बोलता येतं, लिहिता येतं का?

दुकानात बसून कन्नड फाडफाड बोलणारी आपली मुलं कन्नड लिहायला बसली की अडखळतात. २०२४ मध्ये कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने, म्हणजे केईएने, ग्राम प्रशासन अधिकाऱ्यांच्या १,००० पदांची भरती घेतली. त्यात कन्नडची सक्तीची परीक्षा १५० गुणांची होती आणि पुढे जायला किमान ५० गुण लागत होते. हे गुण निवडीत धरत नाहीत, पण ते मिळाले नाहीत तर बाकीचा पेपर कितीही चांगला गेला तरी उपयोग नाही.

अॅव्हेन्यू रोडवर जुनी पुस्तकं घ्यायला जाल, तेव्हा सामान्य ज्ञानाच्या गाइडसोबत कन्नड व्याकरणाचं एक पुस्तकही घ्या. रोज अर्धं पान हाताने लिहा. शेजारच्या कन्नड काकूंना दाखवलंत तर त्या आनंदाने तपासून देतील.

आता लिंक उघडा

जाहिरात कुणाची आहे हे आधी वाचा. २ सप्टेंबर २०२५ पासून बेंगळुरूत एका बीबीएमपीच्या जागी पाच महापालिका आल्या आहेत: मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण. त्यांच्यावर ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आहे. त्यामुळे जुन्या नावाने फिरणारी जाहिरात दिसली, तर तिची तारीख तपासा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून थेट अर्ज भरू नका. कर्नाटक सरकारच्या वेबसाइटचा पत्ता सहसा 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपतो. तिथे जाऊन मूळ जाहिरात डाउनलोड करा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा.

मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. प्रवेशपत्र, परीक्षेची तारीख, पडताळणीचं बोलावणं सगळं तिथेच येतं. सायबरवाल्याचा किंवा वर्षभरात बंद पडेल असा नंबर देऊ नका.

फोटो साध्या, फिकट भिंतीसमोर काढा. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने करा. किती केबीची फाइल हवी हे प्रत्येक जाहिरातीत वेगळं असतं, म्हणून मूळ मोठी फाइल जपून ठेवा आणि त्यातून लहान करा. अपलोड झाल्यावर ती उघडून बघा. आडवा फोटो किंवा अर्धी कापलेली सही अशी चूक तिथेच सापडते.

फी भरताना पैसे कापले गेले आणि स्क्रीन अडकली, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा नंबर लिहून घ्या, पुन्हा लॉगिन करून फीची स्थिती पाहा. फी जमा झाल्याचं दिसत नाही तोवर अर्ज पूर्ण झाला असं समजू नका. म्हणूनच शेवटच्या दिवसावर जाऊ नका. त्या दिवशी सगळेच जागे होतात आणि वेबसाइट झोपते.

अर्ज सायबर सेंटरमधून भरत असाल, तरी सबमिटचं बटण दाबण्याआधी प्रिव्ह्यू स्वतः वाचा, रकाना न रकाना. ओटीपी आणि पासवर्ड त्याच्याकडे ठेवून येऊ नका. खाली जे प्रतिज्ञापन असतं, त्यावर टिक तुमच्या नावाची असते. टाइप दुसऱ्याने केलं, ही सबब पुढे चालत नाही.

आणि 'तीन लाखांत काम करून देतो' म्हणणारा भेटला, तर चहासुद्धा पाजू नका. कर्नाटकात २०२१ मध्ये ५४५ पोलीस उपनिरीक्षक पदांची परीक्षा झाली. त्यातल्या गैरप्रकारांमुळे २०२२ मध्ये ती रद्द झाली आणि फेरपरीक्षा झाली ती थेट जानेवारी २०२४ मध्ये. प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलांचीही ती वर्षं गेली.

घरच्यांनो, तुमचंही काम आहे

अर्ज मुलांचा असला तरी त्यातले निम्मे कागद आईवडील आणि आजी-आजोबांच्या ताब्यात असतात. येत्या रविवारी, दुकानाला सुट्टी असेल तेव्हा, ट्रंक उघडा आणि सगळे मिळून हे बाहेर काढा:

• मुलांची दहावीची मार्क्स कार्डं आणि शाळा सोडल्याचे दाखले
• वडिलांचा आणि आजोबांचा शाळेचा किंवा जातीचा दाखला
• बेंगळुरूत किती वर्षं राहतो हे दाखवणारे जुने कागद: रेशन कार्ड, भाडेकरार, वीजबिलं
• आधार, पॅन आणि विवाह नोंदणी
• उत्पन्नाचा दाखला, त्याच्या तारखेसह

एका कोऱ्या कागदावर रकाने आखा. प्रत्येक कागदावर नाव कसं लिहिलं आहे, जन्मतारीख काय आहे, मुदत कधी संपते, ते समोरासमोर लिहा. जिथे जुळत नाही तिथे लाल पेनाने गोल करा. सोमवारी सकाळी कुठल्या कार्यालयात जायचं, ते तो लाल गोलच सांगेल. गावी फोन करून काका-आत्यांकडूनही काही कागद मागवावे लागतील. मागवा. पुढची जाहिरात आली की तुम्हाला खरोखरच दहा मिनिटंच लागतील.