फुंकरीतला पहिला सेकंद

खान्देशात कापूस वेचून झाला की कापूस जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी करायला जातो आणि पऱ्हाट्या चुलीला. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली नसतील, तर अस्सल जळगावकर त्याला भरीत म्हणायलाच तयार होत नाही! पण जिनिंगची धूळ आणि चुलीचा धूर शेवटी छातीतच जाऊन बसतात. मग खोकला, धाप, आणि गावाने दिलेलं एकच नाव, दमा.

तो खरंच दमा आहे का, हे एक्स-रेवरून बहुतेकदा कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावायचा, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत सगळा जोर लावून फुंकायचं. 'फुंका, फुंका, अजून फुंका' असा तंत्रज्ञाचा धोशा चालूच असतो, कारण अर्धवट फुंकरीचा आलेख काही कामाचा नाही. किमान तीन फुंकरी तरी नीट जमाव्या लागतात.

यंत्राचं खरं लक्ष पहिल्या सेकंदावर असतं. निरोगी प्रौढ माणूस छातीतून जोराने सोडलेल्या हवेपैकी साधारण ७० ते ८० टक्के हवा पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. श्वासनलिका अरुंद झाल्या की हे प्रमाण घसरतं. मग श्वासनलिका मोकळ्या करणारा साल्ब्युटामॉलचा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. आकडे चांगलेच सुधारले, तर दम्याची शक्यता वाढते. औषधानंतरही प्रमाण ७० टक्क्यांखालीच राहिलं, तर डॉक्टर सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट रोगाचा विचार करतात. एकूण हवाच कमी पण प्रमाण ठीक, असं दिसलं तर फुप्फुस आक्रसल्याचा संशय येतो.

सीओपीडी म्हटलं की विडी-सिगारेट आठवते. पण पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की या रोगाच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाया त्यांतच येतात.

जिनिंगचंही तसंच. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील संशोधकांनी जिनिंग कामगारांच्या अशाच चाचण्या घेतल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात धुळीत न राबणाऱ्यांपेक्षा त्यांची फुप्फुसं कमजोर आढळली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खोड तर निराळीच. सुट्टीनंतर कामावर परतलं, की पहिल्याच दिवशी छाती आवळते. म्हणून त्या दिवशी कामाच्या पाळीच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा फुंकर मोजावी लागते. हा आजार सरकारला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

आलेख अडथळा दाखवतो, तो धुराचा की धुळीचा हे सांगत नाही. ते कळायला डॉक्टरांनी चुलीत काय जळतं आणि रुग्ण कुठे राबतो, हे विचारावंच लागतं.