हजेरीपटावरच्या आया

दिल्ली महापालिकेच्या रस्त्यांसाठी चर खणणाऱ्या रोजंदार बायकांना बाळंतपणाची रजा नव्हती. ती फक्त कायम नोकरीतल्यांना. कामगार संघटनेने त्यांची बाजू लावून धरली. 8 मार्च 2000 रोजी, महिलादिनीच, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: 1961चा प्रसूती लाभ कायदा हजेरीपटावरच्या बायकांनाही लागू.

प्रसूती लाभाची मागणी जुनीच. आयटक या कामगार संघटनेच्या संस्थापकांपैकी एक, ना. म. जोशी यांनी 1924मध्येच मध्यवर्ती विधिमंडळात असं विधेयक मांडलं होतं. ते फेटाळलं गेलं. मुंबई प्रांताचा कायदा 1929 साली आला.

1961च्या कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवडे झाली. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभा मिळाली. बापाच्या रजेबद्दल मात्र त्यात चकार शब्द नाही.